नर्मदेत घडियाल का नाही? प्राण्यांच्या भूगोलाचं पुस्तक आखताना

विश्वामित्री नदीत मगरी आहेत हे बडोदेकराला सांगावं लागत नाही. ऑगस्ट २०२४च्या पुरात त्या सोसायट्यांच्या आवारात शिरल्या, एक तर छपरावर जाऊन बसली, आणि मग आठवडाभर पुण्या-मुंबईचे नातेवाईक फोन करून ‘खरंच का हो?’ विचारत राहिले. शहराच्या मधोमध शेकडो मगरी नांदतात याचं नवल पाहुण्यांना वाटतं. प्राण्यांच्या भूगोलात रस असलेल्या माणसाला जास्त नवल वाटतं ते इथे नसलेल्या प्राण्याचं.

भारतात मगरीच्या गणातले तीन प्राणी आहेत. एक आपली विश्वामित्रीतली, गोड्या पाण्यातली मगर. ती इराणच्या आग्नेय कोपऱ्यापासून पाकिस्तान, भारत, नेपाळ आणि श्रीलंकेपर्यंत पसरलेली आहे. दुसरी खाऱ्या पाण्यातली. ती ओडिशाच्या भितरकणिकेत, सुंदरबनात, अंदमानात आणि तिथून थेट उत्तर ऑस्ट्रेलियापर्यंत सापडते. तिसरा घडियाल, लांब चिंचोळ्या जबड्याचा, मासे खाऊन राहणारा. एकेकाळी तो सिंधूपासून इरावतीपर्यंतच्या नद्यांमध्ये होता. आता मुख्यतः चंबळेत, गंगेच्या आणखी काही उपनद्यांत आणि नेपाळात उरला आहे. चंबळेचा उगम महूजवळच्या जानापावच्या डोंगरावर. तिथून दक्षिणेला नर्मदा नकाशावर बोटभर अंतरावर वाहते. चंबळेत घडियाल आहे, नर्मदेत नाही. असं का?

पहिलं उत्तर चटकन सुचतं. जानापावच्या उत्तर उतारावरचं पाणी यमुनेला मिळतं, दक्षिण उतारावरचं नर्मदेतून अरबी समुद्राला. घडियालाचे पाय त्याच्या देहाच्या मानाने दुबळे. मोठा नर जमिनीवर पोट घासत सरपटतो, त्यामुळे डोंगर ओलांडून दुसऱ्या खोऱ्यात उतरणं त्याच्या आवाक्याबाहेरचं आहे. मगरीचं तसं नाही. तळं आटलं की ती रात्रीतून चालत दुसरं गाठते, बीळ खणून उन्हाळा काढते. म्हणून मगरीचा नकाशा सलग रंगवता येतो आणि घडियालाचा नुसत्या नद्यांच्या रेघांनी काढावा लागतो. उत्तर पटतं. तेवढ्यात कोणीतरी विचारतं, ‘मग महानदीत घडियाल कसा? तिचा तरी गंगेशी कुठे संबंध?’ झालं. आता जुन्या काळी कोणती नदी कुठून वाहत होती, किनाऱ्याच्या पाण्यातून प्रवास झाला असेल का, जीवाश्म कुठे निघाले, हे सगळं काढून बसावं लागतं.

बडोद्यात बसून मराठीत प्राण्यांच्या भूगोलाचं एक पुस्तक करावं, असं आमच्या काही मंडळींच्या मनात आहे. सयाजीरावांच्या काळी ‘श्री सयाजी साहित्यमाला’ आणि ‘श्री सयाजी बालज्ञानमाला’ यांतून मराठी-गुजरातीत नाना विषयांवरची पुस्तकं निघाली, तेव्हा या गावाला असले उद्योग नवे नाहीत. असं पुस्तक लिहिण्याआधी काय काय ठरवावं लागतं ते इथे मांडतो. विषय कळायला मला तरी हाच रस्ता सोपा वाटतो, कारण आराखड्यातला प्रत्येक पेच मुळात शास्त्रातलाच पेच आहे.

खोलीवार की आडनाववार

पहिला पेच क्रमाचा. एकेक प्राणी घेऊन तो कुठे कुठे सापडतो ते सांगायचं, की एकेक प्रदेश घेऊन तिथे कोण कोण राहतं ते? रावपुऱ्यातल्या एखाद्या जुन्या वाड्यातल्या बिऱ्हाडांची यादी करायला घेतली तर ती खोलीवार करता येते किंवा आडनाववार. खोलीवार यादीत शेजार कळतो, पण एकाच घराण्याची तीन बिऱ्हाडं तीन मजल्यांवर विखुरली आहेत हे लक्षात येत नाही. आडनाववार केली की ते दिसतं, पण कोणाची भिंत कोणाला लागून आहे ते कळेनासं होतं.

आल्फ्रेड रसेल वॉलेसपुढे हाच पेच होता. १८५४ ते १८६२ अशी आठ वर्षं तो आजच्या मलेशिया-इंडोनेशियाच्या बेटांवर हिंडला आणि सव्वा लाखाहून अधिक नमुने जमवले. नैसर्गिक निवडीचा विचार डार्विनबरोबर मांडणारा तो हाच. १८७६ मध्ये प्राण्यांच्या भौगोलिक विभागणीवर त्याचा दोन खंडांचा ग्रंथ निघाला. त्यात त्याने दोन्ही याद्या दिल्या. आधी तत्त्वं, मग नामशेष प्राणी, मग प्रदेशवार वर्णन आणि शेवटी तेच सगळं पुन्हा कुळवार. प्रदेशांची चौकट त्याने फिलिप स्क्लेटरकडून घेतली होती. स्क्लेटरने १८५८ मध्ये पक्ष्यांच्या आधारे जगाचे सहा भाग केले होते. युरोप आणि उत्तर आशिया हा एक, सहाराच्या दक्षिणेचा आफ्रिका दुसरा, भारत आणि आग्नेय आशिया तिसरा, ऑस्ट्रेलिया चौथा, उत्तर अमेरिका पाचवा, दक्षिण अमेरिका सहावा. पक्ष्यांसाठी आखलेले हे भाग सस्तन प्राण्यांना, सरपटणाऱ्यांना, बेडकांना कितपत लागू पडतात हे वॉलेसने कुळामागून कुळ घेऊन तपासलं.

संदर्भग्रंथ म्हणून ते काम अफाट आहे. सलग वाचायला घेतलं तर मात्र कुळांच्या कोष्टकांत दमछाक होते. मराठीत तसंच काही करावं असं मला वाटत नाही. याद्या आता संगणकावर कोणालाही मिळतात. पुस्तकाने करायचं काम वेगळं आहे. नकाशातली रेघ इथेच का थांबली, हे सांगायला माणूस लागतो.

म्हणून आमच्या आराखड्यात प्रकरणं प्रश्नांची आहेत. एखादा प्राणी जिथे असायला हवा होता तिथे नाही, किंवा ज्याचा नकाशा मधेच फाटलेला आहे, असा एकेक प्रश्न घ्यायचा आणि तो सोडवताना प्रदेशही सांगून घ्यायचा, कूळही. घडियालाचं प्रकरण पहिलं.

कोटी, हजार आणि शंभर

प्राणी एखाद्या जागी नसण्याची कारणं ढोबळमानाने तीन. तो तिथे पोचलाच नाही. पोचला, पण तगला नाही. किंवा होता आणि मग संपला. ऐकायला सोपं आहे, पण यातलं कोणतं कारण लागू पडतं हे ठरवताना काळाची तीन मापं वापरावी लागतात आणि गोंधळ बहुतेक तिथेच होतो.

सगळ्यात मोठं माप कोटी वर्षांचं. स्क्लेटरला १८६४ मध्ये एक कोडं पडलं. लेमूर मादागास्करमध्ये, त्यांचे दूरचे भाऊबंद असलेले लाजवंती म्हणजे लोरिस भारतात, आणि मधे अख्खा हिंदी महासागर. त्याने कल्पना मांडली की मधे एक भूखंड होता आणि तो बुडाला. त्याला नाव दिलं लेमुरिया. वॉलेसला आधी ही कल्पना पटली होती, नंतर त्याने ती सोडली. गंमत म्हणजे दोघांच्याही हिशोबात खंड आपापल्या जागी स्थिर होते. खंड सरकतात हे आल्फ्रेड वेगेनरने १९१२ मध्ये मांडलं आणि भूशास्त्रज्ञांनी ते मनापासून स्वीकारेपर्यंत १९६०चं दशक उजाडलं.

मग आता सगळं सुटलं असेल? इथेच वाचकाला थोडं थांबवायचं आहे. भारत आणि मादागास्कर एकमेकांपासून सुटले सुमारे ८.८ कोटी वर्षांपूर्वी. मादागास्करची आफ्रिकेशी फारकत तर त्याच्याही कितीतरी आधीची. लेमूरांचे पूर्वज तिथे पोचले ते या सगळ्यानंतर, बहुधा आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून वाहत आलेल्या झाडाझुडपांच्या तराफ्यावर बसून. म्हणजे ज्या प्राण्याच्या नावाने बुडालेलं खंड कल्पिलं, त्याचं कोडं सरकत्या खंडांनीही सुटत नाही.

ते सुटतं एका बेडकाचं. २००३ मध्ये सह्याद्रीच्या केरळ भागातून एका जांभळट, फुगीर, डुकरासारख्या नाकाडाच्या बेडकाचं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झालं. बहुतेक आयुष्य तो जमिनीखाली काढतो, पावसाच्या तोंडावर थोडे दिवस वर येतो. त्याचे सगळ्यात जवळचे नातेवाईक भारतात नाहीत, आशियातही नाहीत. ते आहेत सेशेल्स बेटांवर. बेडकाची कातडी खारं पाणी सोसत नाही, त्यामुळे समुद्र ओलांडून कोणी आलं-गेलं असण्याची शक्यता फार कमी. दोन्ही वंशांची ताटातूट इतकी जुनी आहे की तेव्हा भारत आणि सेशेल्सचा खडक एकाच जमिनीचा भाग होता. आपण दख्खनच्या ज्या काळ्या पाषाणाला सनातन मानतो तो सुमारे ६.६ कोटी वर्षांचा. या बेडकाचा वंश त्याहून जुना आहे.

मधलं माप हजार वर्षांचं. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी हिमयुग ऐन भरात असताना ध्रुवांकडे इतकं पाणी गोठलेलं होतं की समुद्राची पातळी आजच्यापेक्षा १२० मीटरच्या आसपास खाली होती. जावा, सुमात्रा, बोर्निओ आणि बाली ही बेटं आशियाला जोडलेली होती. बालीच्या पलीकडे जेमतेम ३५ किलोमीटरवर लोंबोक बेट आहे. वॉलेस १८५६ मध्ये तिथे उतरला आणि चक्रावला. बालीत तांबट आणि सुतार हे पक्षी होते, लोंबोकला पोचताच काकाकुवा दिसू लागले. मधली सामुद्रधुनी इतकी खोल आहे की हिमयुगातही तिथे जमीन उघडी पडली नाही. आशियातली मंडळी अलीकडे राहिली, ऑस्ट्रेलियाकडची पलीकडे. पुढे थॉमस हक्स्लीने १८६८ मध्ये या सीमेला वॉलेसची रेघ म्हटलं. ही रेघ सगळ्यांनाच अडवते असं नाही. लोंबोकमध्ये माकडं आहेत, पण ती बहुधा माणसाच्या होडीतून गेलेली.

श्रीलंकेचं प्रकरण याच मापातलं. तिथे बिबट्या आहे, अस्वल आहे, हत्ती आहे. वाघ, लांडगा, रानकुत्रा आज नाहीत. पाल्कची उथळ सामुद्रधुनी हिमयुगात कोरडी होती, म्हणजे वाट होती. मग हे तिघं उशिरा दक्षिणेत पोचले की पोचून तिथे संपले? लेमूर आणि बेडकासाठी वापरलेलं कोटींचं माप इथे काहीच कामाचं नाही.

तिसरं माप शंभर वर्षांचं, माणसाचं. त्याच्याकडे नंतर येतो.

गुजरातच्या नकाशावरच्या दोन कडा

पुस्तक बडोद्यात होणार म्हणून गुजरातला झुकतं माप द्यायचं का, यावर आमच्यात थोडी वादावादी झाली. माझं मत होतं की द्यायचं, आणि त्याला गावाच्या प्रेमाहून भक्कम कारण आहे. या राज्यात दोन मोठ्या प्राणीप्रदेशांच्या कडा येऊन टेकतात.

पश्चिमेला कच्छ. खूर म्हणजे रानगाढव, चिंकारा, वाळवंटी कोल्हा, सांडा हा सरडा, क्वचित कॅराकल हे रानमांजर. ही मंडळी इराण-अरबस्तान-सहाराच्या कोरड्या पट्ट्याशी नातं सांगतात. दक्षिणेला डांग. तिथे सह्याद्रीचं उत्तर टोक येतं आणि पावसाळी जंगलातले पक्षी-प्राणी त्याच्याबरोबर गुजरातेत शिरतात. भारताचा प्राणीप्रदेश वायव्येला नेमका कुठे संपतो यावर वॉलेसच्या काळापासून खल चालू आहे. २०१३ मध्ये एका आंतरराष्ट्रीय गटाने बेडूकवर्गीय, पक्षी आणि सस्तन अशा २१,०३७ जाती घेऊन वॉलेसचा नकाशा नव्याने काढला. नुसत्या याद्या न जुळवता त्यांनी जातींची वंशावळही धरली, म्हणजे एखाद्या जागची जात किती दूरच्या नात्यातली आहे याला वजन दिलं. त्यातून सहाऐवजी ११ मोठे विभाग निघाले. सहारा-अरबस्तानचा पट्टा त्यांत स्वतंत्र आहे.

मला सगळ्यात जास्त रस आहे तो मात्र बडोद्याच्या दक्षिणेच्या डोंगरांत. नर्मदा ओलांडली की राजपिपळ्याच्या टेकड्या लागतात. ते सातपुड्याचं पश्चिम टोक. केवडियाला पुतळा पाहायला गेलेल्यांनी मागे दिसणारी ही डोंगररांग पाहिलीच असेल. १९४०च्या दशकात सुंदरलाल होरा या मत्स्यशास्त्रज्ञाला एक गोष्ट खटकत होती. सह्याद्रीतल्या खळाळत्या ओढ्यांत काही मासे असे आहेत की त्यांचे नातेवाईक थेट ईशान्य भारतात आणि मलायात सापडतात. हे मासे पोटाने खडकाला चिकटून राहणारे. त्यांना वेगवान, थंड, प्राणवायूने भरलेलं पाणी लागतं, मैदानातल्या संथ नदीतून ते इतका प्रवास करणं अवघड. होरांनी सुचवलं की पूर्वी विंध्य-सातपुड्याची रांग जास्त उंच आणि ओली असावी आणि आसामकडून राजमहालच्या टेकड्यांवरून या रांगेच्या ओढ्याओढ्यांतून हे मासे सह्याद्रीत पोचले असावेत. सलीम अलींनी पक्ष्यांच्या बाबतीत हाच विचार उचलून धरला. महाधनेश सह्याद्रीत आहे, ईशान्येत आहे, मधल्या भारतात नाही, याचा अर्थ या वाटेने लागू शकतो.

कल्पना देखणी आहे. आपल्या अंगणातून जाते म्हणून मला तर फारच आवडते, आणि म्हणूनच पुस्तकात तिच्यावरचे आक्षेप जास्त काळजीने लिहायला हवेत. जनुकीय तपासणीत बऱ्याच प्राण्यांच्या बाबतीत ताटातुटीचा काळ या वाटेशी जुळत नाही. काही जोड्या तर मुळात जवळच्या नात्यातल्याच नाहीत. निलगिरी ताहर आणि हिमालयी ताहर ही शाळेच्या पुस्तकातली आवडती जोडी. २००५च्या डीएनए अभ्यासात दक्षिणेतला ताहर मेंढ्यांच्या जवळचा निघाला आणि हिमालयातला बकऱ्यांच्या. सारख्या कड्यांवर सारखं जगणं असलं की अंगकाठीही सारखी होते. तेव्हा फाटलेला नकाशा समोर आला की पहिला प्रश्न हाच, की हे दोन तुकडे खरोखर एकाच कापडाचे आहेत का?

ठिपका कोणी दिला

आराखड्यातलं सगळ्यात लांबलेलं प्रकरण नोंदींचं आहे. नकाशावरचा प्रत्येक ठिपका म्हणजे कोणीतरी, कधीतरी, कुठेतरी तो प्राणी पाहिला किंवा पकडला असा दावा. तो दावा तपासायचा कसा, हे रानपिंगळ्याच्या गोष्टीत जितकं नीट समजतं तितकं दुसऱ्या कशात नाही.

रानपिंगळा म्हणजे साध्या पिंगळ्याहून थोडा थोराड, दिवसाही हिंडणारा एक छोटा घुबड. ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूमने १८७३ मध्ये त्याचं वर्णन केलं. काँग्रेसच्या स्थापनेत होता तोच ह्यूम. १८८०च्या दशकात जेम्स डेव्हिडसनने खानदेशातून काही नमुने जमवले आणि १८८४ नंतर पक्षी जणू गायब झाला. अपवाद एका नमुन्याचा. रिचर्ड माइनर्ट्‌झहागन या ब्रिटिश कर्नलाच्या संग्रहातल्या त्या नमुन्याच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, मांडवी, तापीकाठ, १९१४. म्हणजे आपल्या सुरत जिल्ह्यातली मांडवी. या एका चिठ्ठीमुळे पक्ष्याची शेवटची तारीख तीस वर्षांनी पुढे सरकली आणि गुजरातच्या नकाशावर एक ठिपका पडला.

१९९०च्या दशकात पामेला रासमुसेन या अमेरिकी पक्षीशास्त्रज्ञ बाईंनी जगभरच्या संग्रहालयांतले रानपिंगळे एकेक करून तपासले. प्रत्येक संग्राहकाची कातडी सोलण्याची, कापूस भरण्याची, टाके घालण्याची एक लकब असते. मांडवीच्या नमुन्यावर डेव्हिडसनचा हात दिसत होता. नमुना पुन्हा उसवून, नव्याने भरून ते लपवायचा प्रयत्न झाला होता. माइनर्ट्‌झहागनने ब्रिटिश म्युझियममधला नमुना चोरून त्यावर स्वतःची चिठ्ठी लावली होती. पुढे त्याच्या संग्रहातल्या अशा कितीतरी चोऱ्या बाहेर आल्या. मांडवी वगळून रासमुसेन आणि त्यांचे सहकारी जुन्या खऱ्या जागांच्या मागे लागले आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी त्यांना जिवंत रानपिंगळा दिसला. ११३ वर्षांनी.

या गोष्टीला आणखी एक शेपूट आहे. २०१४ मध्ये डांगच्या पूर्णा अभयारण्यात रानपिंगळा खरोखरच सापडला. खोटा ठिपका पुसला गेला आणि काही वर्षांनी त्याच राज्यात खरा ठिपका पडला. कोणी म्हणेल, मग काय बिघडलं होतं? बिघडलं हे, की खोट्या ठिपक्यावर विसंबून शोधणारा माणूस चुकीच्या रानात वर्षं घालवतो.

म्हणून आमच्या नोंदवहीत प्रत्येक ठिपक्यासोबत चार गोष्टी असतील. कोणी नोंदवला, कधी, पुरावा कसला (नमुना, फोटो, आवाज की नुसतं सांगणं), आणि तो प्राणी तिथे काय करत होता. शेवटचा रकाना बहुतेक याद्यांत नसतो आणि मला तोच सगळ्यात मोलाचा वाटतो.

कमाटीबागेतल्या संग्रहालयात निळ्या देवमाशाचा सुमारे २२ मीटर लांबीचा सांगाडा आहे. बडोद्यातल्या प्रत्येक पोराने तो मान वर करून पाहिलेला असतो. हा देवमासा १९४४ मध्ये महीच्या मुखाशी लागला. म्हणून खंभातचं आखात निळ्या देवमाशाचं घर म्हणून रंगवायचं का? नाही. तो तिथे वाहत आला होता. फेब्रुवारी २०१९ मध्ये महीसागर जिल्ह्यात एका शिक्षकाने रस्त्याकडेला वाघाचा फोटो घेतला आणि गुजरातेत वाघ परतला म्हणून गाजावाजा झाला. थोड्याच दिवसांत तो मेलेला सापडला. अलीकडे रतनमहालच्या जंगलातही एक वाघ मुक्कामाला असल्याचं वन खात्याने सांगितलं आहे. एकटा भटका नर आणि पिल्लं वाढवणारी वस्ती यांना एकच रंग देता येत नाही. आणि डभोईजवळचा वढवाणा तलाव घ्या. गायकवाडांच्या काळात शेतीसाठी बांधलेला हा तलाव २०२१ पासून रामसर या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आहे. हिवाळ्यात तिथे लालसरी आणि पट्टकादंब हंस उतरतात, मार्चनंतर मध्य आशियाकडे निघून जातात. त्यांच्या नकाशाला दोन रंग लागतात, शिवाय मधल्या वाटेचा तिसरा.

हल्ली ईबर्डसारख्या पक्षी-नोंदींच्या संकेतस्थळांवर हौशी लोक लाखो नोंदी घालतात. मोठंच काम आहे ते. पण ठिपके जिथे दाट दिसतात तिथे पक्षी दाट असतात असं नव्हे. तिथे डांबरी रस्ता असतो, सुट्टीच्या दिवशी गाडी जाते, चहा मिळतो. कोरी दिसणारी जागा म्हणजे प्राणी नसलेली जागा की माणूस न गेलेली जागा, हे नकाशाने वेगवेगळं दाखवायला हवं. आम्ही दुसऱ्या प्रकाराला राखाडी रंग ठरवला आहे. चित्रकाराला तो मुळीच आवडलेला नाही.

नकाशाचा विषय निघालाच आहे तर क्षेत्रफळाचं सांगून टाकतो. जातींना धोका किती हे ठरवणारी आययूसीएन ही संस्था दोन वेगळी क्षेत्रफळं मोजते. एक म्हणजे सगळे बाहेरचे ठिपके जोडून होणारा मोठा आकार. दुसरं, नकाशावर दोन बाय दोन किलोमीटरच्या चौकटी आखून ज्या चौकटींत प्राणी खरोखर आहे तेवढ्यांची बेरीज. घडियालाचा मोठा आकार काढला तर त्यात उत्तर भारताची गव्हाची शेतं येतील. चौकटी मोजल्या तर उरतं नदीचं पात्र. वर्तमानपत्रातले नकाशे पहिल्या प्रकारचे असतात, म्हणून ते पाहून प्राणी सुखात आहे असं वाटतं.

माणसाने हलवलेल्या रेघा

आता ते शंभर वर्षांचं माप. सिंह एकेकाळी तुर्कस्तानापासून बिहारपर्यंत होता. एकोणिसावं शतक संपेपर्यंत भारतातला सिंह फक्त सौराष्ट्रात उरला. बंदुकीने रेघ मागे रेटली, जुनागढच्या नवाबांनी शिकार आवरली म्हणून ती पुसली गेली नाही. २०२०च्या मोजणीत ६७४ सिंह होते, २०२५च्या मोजणीत ८९१. आता ते गीरबाहेर शेतांत, समुद्रकिनाऱ्यावर राहतात. पोरबंदरजवळच्या बरडा डोंगरात १८७९ नंतर सिंह दिसला तो २०२३ मध्ये. तरी शाळेच्या नकाशात अजून गीरवर एकच पिवळा ठिपका असतो. खुराचंही असंच. सिंध-बलुचिस्तानातून तो गेला आणि १९६०च्या दशकात साथीच्या रोगांनंतर कच्छच्या छोट्या रणात काही शेच उरला. आज तिथे त्याची संख्या हजारांत आहे.

उलट्या दिशेनेही रेघा सरकतात. आपला गावकावळा जहाजांबरोबर पूर्व आफ्रिकेच्या बंदरांत पोचला आणि तिथे आता डोकेदुखी झाला आहे. साळुंकी १८६०च्या दशकात मेलबर्नला नेऊन सोडली, किडे खाईल म्हणून. तिनेही नको तितका संसार थाटला. आफ्रिकेतली मोठी गोगलगाय १८४७ मध्ये एका हौशी संग्राहकाने कोलकात्यात आणून सोडली. पावसाळ्यात बागेत ती दिसली की तिला कोणी परदेशी म्हणत नाही.

मध्य प्रदेशातल्या कुनोचं काय करायचं हा आमच्यातला शेवटचा मोठा वाद. ते जंगल गीरच्या सिंहांचं दुसरं घर म्हणून तयार केलं होतं. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सिंह तिथे हलवायला सांगितलं. सिंह गेले नाहीत. २०२२ मध्ये नामिबियातून आणि पुढच्या वर्षी दक्षिण आफ्रिकेतून चित्ते आले. भारतातला चित्ता १९५२ मध्ये नामशेष जाहीर झाला होता, पण तो आशियाई उपजातीचा. मग कुनोला मूळ प्रदेशाचा रंग द्यायचा, पुन्हा आणलेल्याचा की बाहेरून आणलेल्याचा? आययूसीएनच्या नकाशांत या तिन्हींना वेगळे संकेत आहेत. आम्ही दुसरा निवडला आहे आणि शेजारी तळटीप घातली आहे. तळटीप नकाशाहून मोठी झाली आहे, ती कापायला कोणी तयार नाही.

गाळायचं काय, हे ठरवणं एरवी सोपं गेलं. समुद्री प्राणी पूर्ण बाहेर ठेवले, कारण पाण्यातल्या भिंती वेगळ्या असतात. तिथे तापमान, प्रवाह आणि खोली अडवतात, डोंगर नाही. त्याला स्वतंत्र पुस्तक लागेल. देवमाशाला चौकटीत अर्धं पान मिळालं आहे. कीटकांतून फक्त फुलपाखरं घेतली, कारण बाकीच्यांच्या नोंदी इतक्या विरळ आहेत की नकाशा जवळजवळ सगळा राखाडी येतो. जांभळ्या बेडकाला आठ पानं दिली म्हणून एकाने नाराजी दाखवली. त्याला मी बेडकाचं चित्र दाखवलं, तो नऊ पानांवर राजी झाला.

प्रश्नवार पुस्तकाची एक अडचण उरतेच. ज्याला फक्त चिंकाऱ्याची माहिती हवी आहे त्याने कुठे पाहायचं? ज्याला डांगला जाण्याआधी तिथलं सगळं वाचायचं आहे त्याने? म्हणून मागे दोन सूच्या असतील, एक प्राण्यांची आणि एक जागांची, आणि जागांच्या सूचीत विश्वामित्री, मही, वढवाणा अशी नावं नदी-तलावानुसार वेगळी लावलेली. सूचीकार अजून मिळायचा आहे.